दोन्ही प्रवासी एकच आहेत

दुबारकरांनी आपल्या सख्ख्या थोरल्या बहिणीला रद्द केलं ते एका मंगळवारी, सकाळी साडेअकराला, ऑफिसच्या फोनवरून. रद्द करून झाल्यावर ते फोनवरच्या मुलीला 'थँक्यू' म्हणाले आणि वर एक चहा मागवला.

आता कुणी म्हणेल, हा माणूस आहे की कोण! पण दुबारकर स्वभावाने वाईट नव्हते हो. ते फक्त आपल्या कामात हुशार होते, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. पेन्शन कचेरीच्या नोंद विभागात बत्तीस वर्षं ते एकच काम करत होते. यादीत कुणी एकच माणूस दोनदा आला असेल तर त्याला हुडकायचं आणि लाल पेन्सिलीने एका जागी आडवी रेघ मारायची. याला कचेरीत 'दुबार नाव काढणे' म्हणतात. 'दुबारकर' हे काही त्यांचं आडनाव नव्हे, ते कचेरीने बहाल केलेलं. खरं आडनाव पगाराच्या चिठ्ठीवर असायचं, तेवढंच. सुरुवातीला त्यांना राग यायचा, मग सवय झाली, आणि अलीकडे तर कुणी खऱ्या आडनावाने हाक मारली की हे इकडेतिकडे बघायचे, कुणाला बोलावतायत म्हणून.

तर त्या मंगळवारी लेकीचं पत्र आलं, कॉम्प्युटरवर. लेक दूरच्या शहरात शिकत होती आणि येत्या रविवारी डॉक्टर होणार होती. गोळ्या देणारी डॉक्टर नव्हे, जाडजूड प्रबंध लिहिणारी. समारंभाला घरच्यांनी यायलाच हवं म्हणून तिने शनिवारच्या सकाळच्या विमानाची तिकिटं काढून पाठवली होती. खाली लिहिलं होतं, 'बाबा, नावं एकदा नीट बघून घ्या.'

नावं नीट बघा, हे दुबारकरांना सांगणं म्हणजे काय ते तुम्हीच बघा. त्यांनी चष्मा पुसला. तीन तिकिटं छापून घेतली आणि टेबलावर ओळीने मांडली. पहिल्यावर त्यांचं स्वतःचं नाव. दुसऱ्यावर बायकोचं नाव, आडनाव. तिसऱ्यावर पुन्हा बायकोचं नाव, आडनाव. मधल्या नावाला विमान कंपनीने जागाच ठेवली नव्हती. दुबारकरांचा हात आपोआप लाल पेन्सिलीकडे गेला.

"बघा!" ते शेजारच्या टेबलाला म्हणाले. "पीएचडी झाली पोरगी, पण आईचं तिकीट दोनदा काढलंन! शेवटी बापालाच निस्तरायला लागतं."

शेजारच्या टेबलाने, म्हणजे तिथल्या हेडक्लार्कबाईंनी, मान डोलावली. दोघातिघांनी येऊन ती दोन तिकिटं जवळून पाहिली. दुबारकरांनी सगळ्यांसमोर फोन लावला.

"सर, दोन्ही प्रवासी एकच आहेत का?" फोनवरच्या मुलीने विचारलं.

"एकच."

"नक्की ना, सर? कारण इथे एक टीप दिसतेय, की—"

"अहो ताई, टीपबीप राहू द्या. माझी बायको आहे ती, मी नाही ओळखणार? बत्तीस वर्षं हेच काम करतोय मी!"

"ठीक आहे, सर. कुठलं रद्द करू? पहिलं की दुसरं?"

"कुठलंही करा," दुबारकर दिलदारपणे म्हणाले. "काय फरक पडतो?"

संध्याकाळी घरी आले तेव्हा माई बाहेरच्या खोलीत बॅग भरत होत्या. माई म्हणजे दुबारकरांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, शिवणाच्या मशीनवर आयुष्य काढलं, आणि भावाची मुलगी झाल्यापासून मशीन एका हाताने नि मुलगी दुसऱ्या हाताने सांभाळली. दुबारकरांची बायको टेलिफोन खात्यात पाळीवर जायची, तेव्हा पोरीला न्हाऊ घालणं, शाळेत सोडणं, पाढे घोकून घेणं, सगळं माईंनीच केलं. ही बॅग त्या गेल्या शुक्रवारपासून भरत होत्या. भरून झाली की पुन्हा सगळं काढायचं आणि आणखी नीट भरायचं. विमानतळावर बूट काढायला लावतात असं कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी पायात पटकन सरकवायचे नवे बूट आणले होते आणि घरातल्या घरात ते घालून, काढून सराव चालला होता.

"आली का रे तिकिटं?" त्यांनी विचारलं. "माझी जागा खिडकीजवळ आहे का बघ बरं."

दुबारकरांनी पिशवीतून तिकिटं काढली. एक त्यांचं, एक बायकोचं. आणि तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या लक्षात आलं की माईंचं तिकीटच नाही.

म्हणजे गंमत बघा. दुसरा एखादा माणूस इथे थांबला असता. तीन माणसं, तीन तिकिटं, एक आपण रद्द केलं, हे गणित पहिलीतल्या पोरालाही सुटलं असतं. पण दुबारकरांच्या डोक्यात ते तिकीट दुबार म्हणून कधीच बाद झालं होतं, आणि एकदा काढलेलं नाव परत तपासायची त्यांच्या खात्यात पद्धत नाही.

"तुझं... नाहीये, माई," ते म्हणाले. "पोरगी विसरली बहुतेक."

माई खुर्चीवर बसल्या. एक बूट पायात होता, एक हातात.

"असेल," त्या म्हणाल्या. "कामात असेल बिचारी. किती व्याप तिला."

"विसरेल कशी?" दुबारकरांची बायको आतून बाहेर आली. "आईला विसरेल एक वेळ, माईंना नाही विसरायची. मी विचारते तिला."

"नको!" दुबारकर म्हणाले. "ऐन समारंभाच्या तोंडावर तिला कशाला अपराधी वाटायला लावतेस? मी बघतो ना!"

पोरीची बाजू आपण किती समजूतदारपणे घेतली, याचं त्यांना त्या क्षणी बरंच कौतुक वाटलं. हे पुढे आठवलं की ते एकटे असले तरी खाली मान घालायचे.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त मॅनेजर राहत. ते आयुष्यात दोनदा विमानात बसले होते, एकदा जाताना आणि एकदा येताना. पण बोलणं असं, की वैमानिकाने यांना विचारून विमान उतरवावं. त्यांनी दुबारकरांना कॉम्प्युटरसमोर बसवलं.

"अहो, त्यात काय? नवीन तिकीट काढायचं. विमानाचं मला विचारत जा. हं, सांगा. नाव?"

"माई," दुबारकर म्हणाले.

मॅनेजरांनी टाइप केलं. दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मॅनेजरही पंधरा वर्षं त्यांना माईच म्हणत होते, दूधवालाही माईच म्हणत होता, बिलावरही 'माई' लिहून जायचा. पुढच्या रकान्यात आडनाव गेलं, एक सीट शिल्लक होती ती मिळाली, आणि दुबारकर तिकीट छापून तीन-तीन पायऱ्या गाळत खाली आले.

"घे! झालं काम! खिडकी नाही मिळाली, पण विमान तेच."

माईंनी चष्मा लावला. तिकीट लांब धरून वाचलं, मग जवळ धरून वाचलं.

"ही कोण रे?"

"कोण म्हणजे? तू!"

"माझं नाव माई कुठंय?"

आणि दुबारकर बोलून गेले, "मग काय आहे?"

शब्द तोंडातून बाहेर पडला आणि मग मेंदू जागा झाला. माईंनी तिकिटाची घडी घातली. बायको दारात उभी होती, तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, आणि हलक्या आवाजात म्हणाली, "माझं आहे तेच."

तेच! दुबारकरांना ठाऊक नव्हतं असं कसं म्हणायचं? ठाऊक होतं. पण एकोणतीस वर्षं वापरात नव्हतं. लग्न झालं तेव्हा पहिला आठवडा घरात नुसता गोंधळ. दुबारकर दारातून लाडात हाक मारायचे, की आतून दोघी 'ओ' द्यायच्या, एक ओल्या हाताने आणि एक दातात सुई धरून. आठव्या दिवशी बहिणीने निकाल लावला. म्हणाली, "हे बघ, ती नवीन आहे. तिचं घर सुटलं, माणसं सुटली, निदान नाव तरी राहू दे तिच्याकडे. मला आपलं माई म्हणा." सगळ्यांनी म्हणायला सुरुवात केली. त्या दिवसापासून माई भावजयीला तिच्या नावाने हाक मारत आल्या. म्हणजे एकोणतीस वर्षं रोज, दिवसातून वीस वेळा, बाई आपलंच नाव घेत होती आणि 'ओ' दुसरी देत होती.

दुबारकर गॅलरीत गेले आणि कुंड्यांना पाणी घालू लागले. सकाळी घातलेलंच होतं, ते खालून वाहायला लागलं. आता त्यांना टेबलावरची ती तीन तिकिटं स्पष्ट दिसत होती. दुबार काही नव्हतंच. पोरगी विसरली नव्हती. विसरले होते ते. आणि वर तिच्यावर ढकलून मोकळे झाले होते. लाज वाटली, हे शब्द आपण उठसूट वापरतो, पण दुबारकरांना खरोखर कानाच्या पाळ्यांपर्यंत लाज वाटली. लगेच आत जाऊन सांगून टाकायला हवं होतं. दोन वाक्यांचं तर काम. पण तेवढ्यात त्यांना एक सोयीचा विचार सुचला: उद्या गुपचूप जाऊन नाव बदलून आणू, तिकीट नीट झालं की कुणाला काही कळायचंही कारण नाही. अब्रूदार माणसाला असे विचार फार पटकन सुचतात.

बुधवारी ते रजा टाकून विमान कंपनीच्या शहरातल्या ऑफिसात गेले. काउंटरमागे एक अधिकारी होता, शांत, गुळगुळीत, टाय लावलेला.

"नाव दुरुस्त करायचंय," दुबारकर म्हणाले. "माईच्या जागी हे घाला," आणि बहिणीचं ओळखपत्र पुढे केलं. ते माईंच्या कपाटातून त्यांनी न विचारता आणलं होतं, तेही सांगून टाकतो.

अधिकाऱ्याने नाव घातलं. कॉम्प्युटरने एक बारीक आवाज केला. अधिकाऱ्याने आणखी एक कळ दाबली. पुन्हा आवाज.

"अरेरे," तो म्हणाला. "याच विमानात याच नावाचा दुसरा प्रवासी आहे. सिस्टीमने दोन्ही तिकिटं थांबवली, सर."

"दोन्ही म्हणजे? बायकोचंही?"

"सिस्टीम दुबार नावं आपोआप काढते."

"कुठल्या गाढवाने बनवलीय ही सिस्टीम?" दुबारकर ओरडले. "जरा चौकशी नको? नावं सारखी दिसली की मार रेघ! माणसं आहेत हो ती, जिवंत माणसं!"

रांगेतले लोक बघायला लागले. दुबारकरांना आपलं वाक्य आपल्याच कानात परत ऐकू आलं. त्यांनी अधिकाऱ्याला 'सॉरी' म्हटलं. ते सॉरी नेमकं कुणाला होतं, हे त्या अधिकाऱ्याला कळायचं कारण नव्हतं.

"उद्या दोघींना घेऊन या," अधिकारी म्हणाला. "ओळखपत्रं आणि जन्मतारखा बघून मी सोडवून देतो. दोघी प्रत्यक्ष पाहिजेत, मात्र."

झालं. गुपचूप करायचं काम आता दोन साक्षीदारांसमोर होणार होतं. घरी येऊन त्यांनी सांगितलं, "उद्या ऑफिसात जायचंय. नुसती सही आहे." दुसऱ्या दिवशी जिन्यात त्यांनी ठरवलं, आता सांगायचं. पण वरून मॅनेजर उतरत होते: "काय, काढलं की नाही झटक्यात तिकीट?" मग ठरवलं, बसमध्ये सांगू. बसमध्ये जागा मिळाली ती लांब लांब. मग ठरवलं, कंपनीच्या दारात तरी. दारात माईच म्हणाल्या, "एवढी धावपळ कशाला करतोस रे? मला नाही नेलं तरी चालेल. पोरीच्याच मनात आलं नाही तर आपण कशाला मागे लागायचं?" हे ऐकून दुबारकरांनी तोंड उघडलं, आणि आतून शिपाई म्हणाला, "पुढचा नंबर!"

अधिकाऱ्याने दोघींना खुर्च्या दिल्या, ओळखपत्रं पाहिली, चेहरे पाहिले.

"या एक. या दोन. बरोबर. मग ही तिसरी बाई कोण? माई?"

"ती मीच," माई म्हणाल्या.

"मग या नावाच्या कोण?"

"तीही मीच."

"आणि मीही," दुबारकरांची बायको म्हणाली.

अधिकाऱ्याने टाय जरा सैल केला आणि जुनी नोंद उघडली. दुबारकर पुढे झुकले. "साहेब, ते मी सांगतो घरी, तुम्ही फक्त..." पण तो वाचत सुटला होता, मोठ्याने, सरळ आवाजात, जसा यादी वाचताना दुबारकरांचाही लागायचा.

"हं. इथे आहे की. तुमच्या मुलीने बुकिंग करतानाच फोन करून टीप लिहवून घेतलीय: 'एकाच नावाच्या दोन प्रवासी आहेत. एक माझी आई, एक माझी माई. दोघी वेगळ्या आहेत. कृपया कोणतंही तिकीट दुबार समजून रद्द करू नये. माईंना खिडकी द्यावी.' नंतर मंगळवारी, अकरा वाजून तीस मिनिटं: 'वडिलांचा फोन. दोन्ही प्रवासी एकच आहेत, असं वडिलांनी खात्रीपूर्वक सांगितलं. एक रद्द. कुठलं रद्द करू विचारता वडील म्हणाले: कुठलंही करा, काय फरक पडतो.'"

दुबारकर काउंटरवरच्या पेनाला बांधलेल्या दोरीकडे बघत राहिले. आता बायको बोलेल, चारचौघांत बोलेल, आणि बोलायलाच हवं, असं त्यांना वाटलं. पण ती माईंकडे बघत होती.

"म्हणजे पोरगी विसरली नव्हती?" माईंनी विचारलं.

"नाही," दुबारकर म्हणाले. "मी... माई, ती नव्हती विसरली. मीच. मला मंगळवारीच कळलं, आणि मी सांगितलं नाही."

त्यांना वाटलं होतं, माई रडतील किंवा रागावतील. माई खुर्चीत ताठ बसल्या आणि अधिकाऱ्याला म्हणाल्या, "ते परत वाचता का हो? खिडकीचं." त्याने वाचलं. माईंचा चेहरा इतका उजळला, की तो बघणं दुबारकरांना शिव्यांपेक्षा जड गेलं. दोन दिवस त्यांनी हे बाईपासून काढून घेतलं होतं, स्वतःची लाज झाकायला.

"सर, एक लेखी द्यावं लागेल," अधिकारी म्हणाला. "आधी तुम्ही एकच म्हणालात, आता दोन म्हणताय. तर 'या दोन व्यक्ती भिन्न आहेत' असं लिहा. संपूर्ण नावं घाला."

बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या नावांवर रेघा मारलेल्या त्या हाताने बायकोचं नाव लिहिलं. मग खाली तेच नाव, मधलं वडिलांचं. अक्षर बिघडलं. त्यांना आठवेना, हे नाव आपण शेवटचं कधी लिहिलं होतं.

बसमध्ये परतताना बायको एवढंच म्हणाली, "अहो, तुमच्या यादीत किती माणसं अशी गेली असतील हो?" शुक्रवारी कचेरीत गेल्यावर दुबारकरांनी जुन्या फायली काढून घेतल्या आणि लाल रेघांमागची नावं एकेक करून पुन्हा तपासायला बसले. हेडक्लार्कबाईंना वाटलं, बढतीसाठी चाललंय.

शनिवारी विमानतळावर सगळं कसं सुरळीत. माईंनी बूट असे झटक्यात काढले की तपासणीवाला म्हणाला, "मावशी, बूट नाही काढायचे." खिडकीची जागा परत मिळाली होती. दरवाजा उघडला, रांग लागली, बायको पुढे झाली. दुबारकर तिकिटं धरून उभे होते आणि तेवढ्यात लाउडस्पीकरवर घोषणा झाली: अमुक अमुक प्रवाशाने ताबडतोब दारापाशी यावं. बायकोचं नाव.

"अहो, मी तर इथेच आहे!" बायको म्हणाली.

पुन्हा घोषणा झाली. शेवटची सूचना, म्हणाले. दुबारकरांनी वळून पाहिलं. मागे माई नव्हत्या.

ते धावले. वय, पोट, पिशव्या, सगळं घेऊन धावले. पार लांब, मोठ्या काचेपाशी माई उभ्या होत्या, हात मागे बांधून, उडणारी विमानं बघत. त्यांच्या बरोब्बर डोक्यावर लाउडस्पीकर होता आणि त्यातून तिसऱ्यांदा त्यांचं नाव येत होतं.

"अगं माई! विमान सुटेल! केव्हाचे पुकारतायत तुला!"

"मला?" माई दचकल्या. "मला वाटलं, तिलाच बोलावतायत."

दुबारकरांना दम लागला होता. त्यांनी पिशवी खाली ठेवली. घोषणा थांबली होती. माईंनी वर त्या लाउडस्पीकरकडे पाहिलं आणि जरा लाजून विचारलं, "परत एकदा म्हणतील का रे?"

"आता नाही म्हणायचे."

मग दुबारकरांनीच बहिणीचं नाव घेतलं, मोठ्याने, चारचौघांत. लांब दारापाशी बायकोने मागे वळून विचारलं, "काय हो?"

"तुला नाही!" दुबारकर ओरडले, आणि तेच नाव त्यांनी दुसऱ्यांदा घेतलं.